खरा ख्रिस्ती कोण? : धार्मिक ढोंगाविषयीच्या चर्चेचा आढावा

प्रश्न नेमका कोणता?

धार्मिक ढोंगावरची टीका ख्रिस्ती धर्माच्या मूळ ग्रंथातच आहे, आणि ती येशूच्या तोंडी आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तो सांगतो की दान, प्रार्थना आणि उपास लोकांनी पाहावे म्हणून करू नका. तेविसाव्या अध्यायात तर तो धर्म शिकवणाऱ्यांनाच जाब विचारतो. त्यामुळे मंडळीवर ढोंगाचा आरोप झाला की तो परक्याचा म्हणून झटकून टाकायची सोय ख्रिस्ती माणसाला उरत नाही. त्याच्या प्रभूनेच तो आधी केलेला आहे.

तरीही या आरोपाचा अर्थ काय, यावर दोन हजार वर्षांत एकमत झालेले नाही. ढोंग राहते कुठे? माणसाच्या मनात, संस्थेच्या कारभारात, की समाजाच्या रचनेत? ते ओळखायचे कोणी? आणि ओळखल्यावर करायचे काय? मंडळी सोडायची, शुद्ध करायची, की तिच्यातच राहून झगडायचे? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाला हे प्रश्न परके नाहीत. पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या आयुष्याला त्यांनी वळण दिले, आणि जातीच्या रूपाने ते आजही मंडळीच्या दारात उभे आहेत. या चर्चेत आजवर कोणत्या भूमिका घेतल्या गेल्या, प्रत्येकीचे बळ कशात आहे, ती कुठे अडते आणि काय सुटायचे राहिले आहे, हे या लेखात क्रमाने पाहायचे आहे.

पार्श्वभूमी : संदेष्ट्यांपासून ऑगस्टीनपर्यंत

येशूची टीका आकाशातून पडली नव्हती. त्याच्या सातआठशे वर्षे आधी आमोस आणि यशया या संदेष्ट्यांनी तोच सूर लावला होता. गरिबाला न्याय मिळत नसेल तर सण, यज्ञ आणि स्तोत्रे देवाला नकोशी होतात, असे ते बजावत होते. म्हणजे ही यहुदी धर्माची आपल्याच लोकांवर केलेली टीका होती, आणि येशू त्याच परंपरेत बोलत होता.

मंडळीच्या इतिहासात हा प्रश्न पहिल्यांदा ऐरणीवर आला तो उत्तर आफ्रिकेत. इ. स. ३०३ पासून सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला तेव्हा काही धर्माधिकाऱ्यांनी जिवाच्या भीतीने पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले. छळ संपल्यावर हीच माणसे पुन्हा वेदीपाशी उभी राहू लागली. त्यांनी दिलेला बाप्तिस्मा, त्यांनी केलेली दीक्षा खरी मानायची का? डोनाटसच्या अनुयायांनी ठामपणे नाही म्हटले. मंडळी पवित्र लोकांचीच असली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्यांना दिलेले उत्तर पुढे पाश्चात्त्य मंडळीचा पाया ठरले. संस्काराचे सामर्थ्य ख्रिस्ताचे असते, देणाऱ्याच्या चारित्र्यावर ते अवलंबून नसते, असे त्याने मांडले. गहू आणि निदण कापणीपर्यंत एकत्र वाढू द्यावेत, या येशूच्या दृष्टान्ताचा त्याने आधार घेतला. ४११ मध्ये कार्थेज येथे सम्राटाच्या प्रतिनिधीसमोर दोन्ही पक्षांचा वाद झाला आणि निकाल डोनाटसवाद्यांच्या विरोधात गेला. त्यानंतर त्यांच्यावर राजसत्तेचा बडगा उगारला गेला, आणि ऑगस्टीनने त्याचे समर्थन केले.

या एका प्रसंगात पुढच्या सगळ्या चर्चेची बीजे आहेत. शुद्धतेचा आग्रह धरावा तर मंडळीची फाळणी होते. सहनशीलतेचा आग्रह धरावा तर अपराध्याला आडोसा मिळतो. आणि निवाडा सत्तेच्या हाती सोपवावा तर दोन्ही आग्रहांतला प्राण जातो.

पहिली भूमिका : पालट मनात झाला पाहिजे

पहिल्या भूमिकेच्या मते ढोंगाचे मूळ व्यक्तीच्या अंतःकरणात आहे. बाप्तिस्मा झाला, नाव मंडळीच्या वहीत चढले, रविवारची उपासना नियमित सुरू झाली, तरी हृदय होते तिथेच राहू शकते. जर्मनीत फिलिप याकोब श्पेनर याने १६७५ मध्ये हा विचार पुस्तकरूपाने मांडला, आणि त्यातून भक्तिवादी चळवळ उभी राहिली. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली हे तिचे ठळक उदाहरण. दीक्षित पाळक म्हणून अमेरिकेत धर्मकार्य करून आल्यानंतर, २४ मे १७३८ रोजी लंडनमधल्या एका लहान सभेत, आपण खऱ्या अर्थाने ख्रिस्तावर विसंबलो अशी खूण त्यांना पटली. १७४१ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यापीठ-मंडळीसमोर त्यांनी जवळजवळ ख्रिस्ती असलेल्या माणसावर प्रवचन दिले. तसा माणूस प्रामाणिक असतो, सदाचारी असतो, उपासनाही करतो, तरी काही मूलभूत राहून गेलेले असते, असा त्याचा आशय होता.

महाराष्ट्रात ही भूमिका सर्वांत प्रांजळपणे जगल्या त्या पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉन्टेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. मंडळीच्या अधिकाराने सांगितले म्हणून एखादे मत मान्य करायला त्या तयार नव्हत्या. बायबल आपण स्वतः वाचणार आणि सद्सद्विवेकाला पटेल तेच मानणार, यावर त्या ठाम राहिल्या. जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला, रमाबाईंना त्यात प्रामाणिकपणाची अट दिसली. दोघीही एकाच श्रद्धेच्या काळजीने लिहीत होत्या, हे त्या पत्रांत स्पष्ट जाणवते.

१९०७ च्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी मागे वळून जे सांगितले ते या भूमिकेचे सार म्हणता येईल. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण खुद्द ख्रिस्त आपल्याला भेटला नव्हता, असे त्या लिहितात. या जाणिवेला विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मकथन कारणीभूत ठरले. कॉर्नवॉलमध्ये १८५१ साली व्यासपीठावर प्रवचन करता करता हॅस्लम यांना उमगले होते की आपण ज्याविषयी बोलत आहोत ते आपल्यालाच मिळालेले नाही. पुढे १९०५ मध्ये रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन झाले त्यात शेकडो मुली आणि स्त्रिया रडत, मोठ्याने प्रार्थना करत, आपली पापे उघड कबूल करत होत्या.

या भूमिकेवरचा मुख्य आक्षेप असा की आतला अनुभव हेही एक प्रदर्शन बनू शकते. अश्रू, साक्ष, कबुली यांचा एकदा साचा तयार झाला की तो भरता येतो. मुक्तीतल्या गजबजलेल्या प्रार्थनांविषयी त्या काळी काही मिशनऱ्यांनीही शंका घेतली होती, आणि रमाबाईंनी त्यांना उत्तर दिले होते. दुसरा आक्षेप असा की मनाच्या पालटावर सगळे लक्ष दिले की बाहेरचा अन्याय तसाच राहतो. रमाबाईंच्या बाबतीत मात्र हा आक्षेप लागू पडत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी आसरा दिलेल्या मुलींसाठी केडगावला शाळा, शेती, विणकाम, छापखाना उभा राहिला, आणि बायबलचे त्यांनी केलेले मराठी भाषांतर तिथल्या स्त्रियांनीच जुळवून छापले.

दुसरी भूमिका : दोष संस्थेच्या सुखासीनतेत आहे

दुसऱ्या भूमिकेचा रोख व्यक्तीवर नाही. सत्ता, पगार आणि प्रतिष्ठा यांच्याशी सलगी केलेली मंडळी प्रामाणिक माणसालाही ढोंगात ओढते, असे तिचे म्हणणे आहे.

तिचा सर्वांत तीव्र प्रवक्ता डेन्मार्कचा सोरेन कीर्केगार्द. १८५४ मध्ये बिशप मिन्स्टर वारले आणि प्राध्यापक मार्टेन्सेन यांनी त्यांना सत्याच्या साक्षीदारांच्या मालिकेत बसवले. कीर्केगार्दला हे सहन झाले नाही. प्रेषितांनी छळ आणि मरण सोसले. सरकारी पगारावर सन्मानाने जगलेल्या माणसाला त्यांच्या रांगेत बसवणे ही देवाची चेष्टा आहे, असे त्याने लिहिले. १८५५ मध्ये त्याने ‘क्षण’ नावाच्या पत्रिकेचे नऊ अंक काढले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो वारला. जन्माला येताच सगळे ख्रिस्ती ठरतात अशा देशात ख्रिस्ती होणे जवळजवळ अशक्य झाले आहे, हा त्याचा मुद्दा होता. स्वतःला खरा ख्रिस्ती म्हणवून घ्यायलाही त्याने नकार दिला, हे त्याचे टीकाकारही मान्य करतात.

डीट्रिख बोनहॉफर याने १९३७ मध्ये, हिटलरच्या राजवटीत, हाच विचार पुढे नेला. मंडळी क्षमा स्वस्तात वाटू लागली आहे, तिच्यात पश्चात्ताप आणि अनुसरण उरलेले नाही, असे त्याने अनुसरणावरच्या आपल्या ग्रंथात मांडले. त्याने चालवलेले फिन्केनवाल्डे येथील पाळकांचे प्रशिक्षण केंद्र त्याच वर्षी गेस्टापोने बंद केले, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी देण्यात आली. पण याच प्रकरणाची दुसरी बाजूही अभ्यासकांनी पुढे आणली आहे. मे १९३४ च्या बार्मेन जाहीरनाम्याने मंडळीवरची सरकारी हुकमत धाडसाने नाकारली, परंतु यहुद्यांच्या छळाविषयी त्यात शब्द नव्हता. संस्थेच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांनाही शेजाऱ्याचा आक्रोश ऐकू येईलच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

मराठीत ही भूमिका ना. वा. टिळकांनी घेतली, पण तिचा स्वभाव वेगळा होता. टिळकांना ख्रिस्ताकडे ओढले ते डोंगरावरील प्रवचनाने. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. मिशनऱ्यांविषयी त्यांच्या मनात कृतज्ञता होती, पण परदेशी मायबाप आणि त्यांच्या पदरी वाढणारी देशी लेकरे हे नाते श्रद्धेला खुरटवते, असे त्यांचे मत होत गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे काम सोडले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त यांचे हे बंधुत्व असणार होते. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार मूळ धरू शकला नाही. त्यामुळे त्याचे मूल्यमापन करताना अभ्यासकांत दोन तट पडतात. एकाच्या मते तो देशी ख्रिस्ती जीवनाचा अपुरा राहिलेला, पण मोलाचा नमुना होता. दुसऱ्याच्या मते संस्थेचे बंधन नको म्हणणारी भक्ती एका प्रतिभावंतापुरती टिकते, पुढच्या पिढीला तिचा वारसा देता येत नाही.

तिसरी भूमिका : ढोंग रचनेत मुरलेले असते

तिसरी भूमिका सांगते की मनाने प्रामाणिक असलेली, साधेपणाने राहणारी माणसेही एका ढोंगी व्यवस्थेत सहज सामील होऊ शकतात. प्रभुभोजनाच्या मेजावर सर्व एक आहेत असे म्हणायचे आणि त्या मेजाशी रांगा वेगळ्या लावायच्या, ही तिची नेहमीची साक्ष. दक्षिण आफ्रिकेत १८५७ मध्ये डच रिफॉर्म्ड मंडळीच्या महासभेने काहींच्या दुबळेपणाची सबब सांगून गोऱ्या आणि काळ्या सभासदांची उपासना वेगळी होऊ देण्यास मुभा दिली. सवलत म्हणून आलेली ही गोष्ट पुढे धर्मतत्त्व होऊन बसली. जागतिक रिफॉर्म्ड संघटनेने १९८२ मध्ये वर्णभेदाचे धार्मिक समर्थन पाखंड ठरवले, आणि १९८६ च्या बेल्हार विश्वासपत्राने मंडळीच्या ऐक्याचा पुकारा केला.

भारतात या जागी जात आहे. रॉबर्ट दि नोबिली १६०६ मध्ये मदुराईला आला आणि त्याने ब्राह्मणांची राहणी पत्करून काम केले. जात ही नागरी चालरीत आहे, तिचा श्रद्धेशी संबंध नाही, असा त्याचा युक्तिवाद होता, आणि १६२३ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी त्याच्या पद्धतीला अनुमती दिली. उलट १८३३ मध्ये कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांनी जात सोडलीच पाहिजे असा आदेश काढला, तेव्हा अनेक उच्चवर्णीय सभासद मंडळीतून बाहेर पडले. सांस्कृतिक सौजन्य कुठे संपते आणि तडजोड कुठे सुरू होते, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाची तपासणी बाहेरून, पण अतिशय बारकाईने केली. १९३८ च्या प्रारंभी सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत ते बोलले. ख्रिस्ती धर्माविषयीचा आदर त्यांनी लपवला नाही, आणि दक्षिणेत मंडळीतही जातिभेद पाळला जातो हेही सुनावले. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीविषयी त्यांनी केलेल्या लेखनात मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याची नोंद आहे, आणि धर्म बदलूनही या माणसाची सामाजिक लढाई कोणी हाती घेतली नाही ही तक्रारही आहे.

मंडळीच्या आतून हा विचार मांडला तो दलित धर्मविज्ञानाने. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरुला दिलेल्या व्याख्यानापासून त्याची सुरुवात मानतात. भारतीय ख्रिस्ती विचार आजवर उच्चवर्णीय धर्मांतरितांच्या प्रश्नांभोवती फिरला, बहुसंख्य दलित ख्रिस्ती लोकांचे दुःख त्यात आलेच नाही, असे निर्मळांचे म्हणणे होते. ही टीका टिळकांच्या परंपरेलाही लागू होते, म्हणून ती गांभीर्याने घ्यावी लागते. गोव्यातही मंडळीच्या उत्सवांतला मान आणि कोंफ्रारियांचे (मंडळीतल्या बंधुसंघांचे) सभासदत्व यांत जातीचा हिशेब कसा चालत आला, हे रोवेना रॉबिन्सन यांच्या १९९८ च्या दक्षिण गोव्याच्या अभ्यासात दिसते. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना मंडळीतल्या जातिभेदाची कबुली दिली.

या भूमिकेसमोरही एक अडचण आहे. दोष रचनेचा म्हटला की उत्तरदायी कोणीच उरत नाही. शिवाय स्वतःच्या मनातला विटाळ कसा गेला हे ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई ‘स्मृतिचित्रे’त ज्या मोकळेपणाने सांगतात, ते वाचल्यावर लक्षात येते की रचना बदलायला शेवटी कोणाला तरी स्वतःच्या ताटापासून, पाण्याच्या भांड्यापासून सुरुवात करावी लागते.

चौथी भूमिका : अपुऱ्या मंडळीची बाजू

वरच्या तिन्ही टीका मान्य करूनही एक भूमिका मंडळीची बाजू घेते, आणि तिला केवळ सबब म्हणता येणार नाही. तिचे मूळ ऑगस्टीनच्या विचारात आहे. मंडळी ही बऱ्या झालेल्यांची सभा नाही, उपचारासाठी आलेल्यांची आहे. शुद्ध लोकांचाच गट करायला निघालेली प्रत्येक चळवळ शेवटी शुद्धतेचा नवा दिखावा उभा करते, असे ती बजावते.

भारतात या भूमिकेची उत्तम मांडणी १९७१-७२ च्या सुमारास धर्मचिंतक एम. एम. थॉमस आणि बिशप लेस्ली न्यूबिगिन यांच्यात झालेल्या वादात सापडते. ख्रिस्ताला केंद्र मानणारी बंधुता मंडळीच्या औपचारिक चौकटीबाहेर, हिंदू समाजातही रुजू शकते, असे थॉमस मांडत होते. टिळकांच्या दरबाराचीच ही पुढची पायरी म्हणता येईल. न्यूबिगिन यांचा प्रतिवाद असा होता की दिसणारा, नावागावाचा, एकत्र जेवणारा समाज नसेल तर प्रेम ही केवळ कल्पना राहते. न आवडणाऱ्या माणसाशेजारी बसावे लागणे यातच अनुसरणाची परीक्षा आहे. दोघांनीही एकमेकांचे म्हणणे आदराने समजून घेतले, म्हणून हा वाद आजही शिकवला जातो.

मंडळीच्या आत राहून तिला समाजाकडे वळवण्याचे उदाहरण आपल्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे आहे. ‘सुबोध बायबल’चे लेखक, हरित वसईच्या चळवळीतले कार्यकर्ते आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी धर्मगुरूचे काम वेदीपुरते ठेवले नाही. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

‘पोटासाठीचे ख्रिस्ती’ : एक वेगळा धागा

ढोंगाचा आणखी एक आरोप भारतात विशेष गाजला. दुष्काळात, अन्नाच्या किंवा नोकरीच्या आशेने ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांची श्रद्धा खरी कशी मानायची? ही शंका खुद्द मिशनऱ्यांनाही होती. तेलुगू प्रदेशात जॉन क्लाव यांनी १८७६-७८ च्या दुष्काळात मदतकार्य चालू असेपर्यंत बाप्तिस्मे थांबवले. नंतर ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. मदत थांबल्यावरही माणसे आली, हे क्लाव यांच्या बाजूने सांगितले जाते. दुष्काळाची आठवण ताजीच होती, असे टीकाकार म्हणतात.

जे. वास्कम पिकेट यांनी १९३३ मध्ये सामुदायिक धर्मांतरांवर केलेल्या अभ्यासात अनेक कुटुंबांना धर्मांतराचे कारण विचारले होते. सुरुवातीचा हेतू आणि पुढच्या ख्रिस्ती जीवनाचा दर्जा यांचा संबंध वाटतो तेवढा घट्ट नाही, नंतर मिळालेले शिक्षण आणि सहवास अधिक मोलाचा ठरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे हा प्रश्न सरकार आणि न्यायालयापर्यंत गेला. मध्य प्रदेश सरकारच्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात आमिषाच्या तक्रारींची गंभीर दखल घेतली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश आणि ओडिशाचे धर्मांतरविषयक कायदे वैध ठरवले. दुसऱ्याच्या हेतूची परीक्षा राज्यसंस्थेने करावी का, यावर घटनेच्या अभ्यासकांत मतभेद आहेत.

अलीकडे पडलेली भर

गेल्या काही दशकांत दोन गोष्टींनी चर्चेची दिशा बदलली. पहिली म्हणजे लैंगिक अत्याचारांची उघड झालेली प्रकरणे. २००२ मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’च्या वृत्तमालिकेने अमेरिकेतल्या कॅथलिक मंडळीतले प्रकरण बाहेर काढले. २००४ च्या जॉन जे अहवालात १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर १०,६६७ व्यक्तींनी आरोप केल्याची नोंद आहे. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तक्रार नोंदवण्याचे आणि बिशपांनाही उत्तरदायी धरण्याचे नियम केले. इथे ऑगस्टीनचा सिद्धान्त अपुरा वाटू लागतो. अपात्र माणसाच्या हातून मिळालेला संस्कार खरा असेल, पण त्या माणसाला त्या जागी राहू देणाऱ्यांचे काय, याला तो उत्तर देत नाही. मनाच्या पश्चात्तापाबरोबर बाहेरची चौकशी, नोंदी आणि पीडितांचा आवाज हेही आध्यात्मिक विषय आहेत, असे आता अनेक धर्मपंडित मानतात.

दुसरी गोष्ट येशूने ज्यांना ढोंगी म्हटले त्या परूश्यांविषयीच्या संशोधनाची. ई. पी. सँडर्स यांच्या १९७७ च्या ग्रंथानंतर अभ्यासकांनी दाखवून दिले की परूशी म्हणजे कोरडे कर्मठ आणि दांभिक ही समजूत इतिहासाला धरून नाही. हेरोदापासून सावध राहा असे येशूला सांगायला परूशीच आले, प्रेषितांना वाचवायला गमलिएल उभा राहिला, आणि पौल स्वतःला परूशी म्हणवत असे. व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या घोषणेने यहुद्यांविषयीचा ख्रिस्ती दृष्टिकोन बदलला. २०१९ मध्ये रोममध्ये याच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्यामुळे आजच्या प्रवचनकारावर नवी जबाबदारी आली आहे. आपले ढोंग उघडे करण्यासाठी दुसऱ्या समाजाची बदनामी वापरता येणार नाही.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न निवाड्याचा. मन फक्त देव जाणतो म्हटले तर ढोंगावर बोट ठेवता येत नाही. बाहेरच्या वागण्यावरून ठरवायचे म्हटले तर तोच दिखाव्याचा मार्ग होतो. येशूने झाडाची पारख फळावरून करायला सांगितली आणि दुसऱ्याचा न्याय करू नका असेही सांगितले. या दोन आज्ञा एकत्र कशा पाळायच्या, यावर मंडळ्यांची उत्तरे आजही वेगळी आहेत.

दुसरा प्रश्न मंडळीच्या सीमांचा. बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताला मानणाऱ्यांचे स्थान काय? टिळकांनी उघडलेले हे दार थॉमस-न्यूबिगिन वादातही पूर्ण उघडले नाही की पूर्ण मिटले नाही.

तिसरा प्रश्न कायद्याचा आणि म्हणून जिव्हाळ्याचा. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातींच्या यादीत आता हिंदू, शीख आणि बौद्ध यांचाच समावेश होतो. ख्रिस्ती होताच जात संपते, हे तत्त्व राज्य गृहीत धरते. मंडळीत मात्र ती संपलेली नाही, अशी मंडळीचीच कबुली आहे. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने हा भेद काढण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये निवृत्त सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. मंडळीने जातिभेद मान्य करून हक्क मागायचा आणि त्याच वेळी तो घरातून घालवायचा, ही दुहेरी परीक्षा आहे.

चौथ्या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. खरेपणाचा पुरावा मागितला जातो कोणाकडे? दुष्काळात बाप्तिस्मा घेणाऱ्या मांग किंवा महार कुटुंबाचा हेतू तपासला गेला, सरकारी पगार घेणाऱ्या बिशपचा तपासायला कीर्केगार्द यावा लागला. केडगावच्या मुलींच्या अश्रूंवर शंका घेतली गेली, युरोपातल्या विद्वानांच्या शांत प्रवचनांवर तितकी घेतली गेली नाही. अत्याचाराची तक्रार करणाऱ्याला अनेक वर्षे स्वतःचे सत्य सिद्ध करत बसावे लागले, आणि ज्याच्यावर आरोप होता त्याला मंडळीच्या प्रतिष्ठेने झाकले. ही विषमता चारही भूमिकांत कमीअधिक प्रमाणात शिरलेली आहे.

चर्चा आज कुठे उभी आहे

आढावा घेताना एक गोष्ट स्पष्ट होते. या चार भूमिका एकमेकींना खोडत नाहीत, त्या वेगवेगळ्या ठिकाणी बोट ठेवतात. रमाबाईंचा प्रश्न आजच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या ख्रिस्ती तरुणाला अजून विचारावा लागतो, कारण श्रद्धा त्याला घराण्याबरोबर आपसूक मिळाली आहे. टिळकांचा प्रश्न परदेशी मिशनरी गेल्यावरही राहिला. १९७० मध्ये नागपुरात उत्तर भारतीय मंडळीची स्थापना झाली आणि कारभार देशी हाती आला, पण शाळा, दवाखाने आणि जमिनी यांच्या मालकीवरून आपल्याच माणसांत खटले चालतात तेव्हा मायबाप कोण हा प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो. निर्मळांचा प्रश्न तर लग्नाच्या बोलणीत आणि दफनभूमीच्या जागेवरही ऐकू येतो.

मतभेद असूनही या चर्चेत एका मुद्द्यावर बरीच सहमती बनत आहे, आणि ती मला मोलाची वाटते. खऱ्या श्रद्धेची हाक दुसऱ्याकडे बोट दाखवून देता येत नाही. आमोसने आपल्या लोकांना, कीर्केगार्दने आपल्या मंडळीला, रमाबाईंनी स्वतःलाच ती दिली, आणि म्हणून तिच्यात वजन आले. यापुढे काम दोन ठिकाणी आहे. मंडळीच्या वर्गांत पश्चात्ताप शिकवताना हिशेब उघडे ठेवणे, तक्रार ऐकणारी यंत्रणा चालवणे आणि जात न विचारता नाती जोडणे हे पश्चात्तापाचेच भाग म्हणून शिकवावे लागतील. आणि परीक्षेचा क्रम उलटा करावा लागेल. व्यासपीठावर उभ्या असलेल्याने आधी उत्तर द्यावे, नव्याने आलेल्या गरिबाला विचारण्याची वेळ त्यानंतर. शुभवर्तमानातली ढोंगावरची टीकाही याच क्रमाने चालते. तिथे जाब धर्म शिकवणाऱ्याला विचारला आहे, आणि जकातदार व पापी लोकांना येशूने काही सिद्ध करायला न सांगता आपल्याबरोबर जेवायला बसवले आहे.